शोध लागल्यानंतरचे काम

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या केंद्रीय औषध नियामकाने ‘नेक्सकार१९’ या उपचाराला मंजुरी दिली. रक्ताच्या काही प्रकारच्या कर्करोगांत, इतर उपचारांनंतरही आजार उलटला असेल तर, रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात बदल करायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार आहे. तो पवईच्या आयआयटी मुंबईतली एक प्रयोगशाळा आणि टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर यांच्या एकत्र कामातून उभा राहिला. बातम्यांत ‘भारतीय शास्त्रज्ञांचा शोध’ असा त्याचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. मात्र प्रयोगशाळेतली सुरुवात आणि ही मंजुरी यांच्यामध्ये जवळपास दहा वर्षे गेली, आणि त्या वर्षांत जे काम झाले त्यातले पुष्कळसे ‘शोध’ या शब्दात मावत नाही. विद्यापीठातल्या संशोधकांना आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपन्यांना जी मदत लागते ती याच कामासाठी, आणि ते काम नेमके काय असते हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आधी उपचार समजून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्याच्या स्वरूपातूनच येतात. आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या संरक्षक पेशी असतात. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त त्याच वेळी परत देतात. या पेशी प्रयोगशाळेत पोहोचल्या की, रोग पसरवू शकणार नाही असा केलेला एक विषाणू वाहक म्हणून वापरून त्यांच्यात एक नवे जनुक घातले जाते. त्या जनुकामुळे टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक-प्रथिन (रिसेप्टर) तयार होते, जे बी पेशी या रक्तातल्या दुसऱ्या प्रकारच्या संरक्षक पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखते. कर्करोग झालेल्या बी पेशींवरही हे प्रथिन असते, त्यामुळे आजवर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणारी टी पेशी आता त्यांच्यावर हल्ला करते. बदललेल्या पेशी काही दिवस वाढवतात, तपासतात, अतिथंड अवस्थेत गोठवतात आणि पुन्हा रुग्णालयात पाठवतात. प्रत्येक रुग्णासाठी उत्पादनाची एक स्वतंत्र खेप तयार होते, आणि एका रुग्णाची पिशवी दुसऱ्याला गेली तर अनर्थ होईल. म्हणून इथे विकायची वस्तू म्हणजे केवळ पेशींची पिशवी नसते. निर्जंतुक खोल्या, प्रत्येक टप्प्यावरची तपासणी, पिशवीवरची ओळख-चिठ्ठी, अतिथंड वाहतूक आणि उपचारानंतर रुग्णाच्या शरीरात उसळणारा तीव्र प्रतिसाद ओळखून आवरणारे डॉक्टर, हे सगळे मिळून ते उत्पादन होते.

हे सगळे एकाच संस्थेकडे असणे शक्य नव्हते. डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत पेशींचा आराखडा तयार झाला. त्यात मूळ उंदरापासून आलेला ओळख पटवणारा भाग मानवी रूपाच्या जवळ नेला गेला, जेणेकरून दुष्परिणाम सौम्य राहावेत. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांच्यासारख्या डॉक्टरांनी रुग्णांवरच्या चाचण्या केल्या. २०१८ मध्ये ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही कंपनी स्थापन झाली आणि ती आयआयटी मुंबईच्याच ‘साइन’ या उद्योजकता केंद्रात वाढली. पहिल्या चाचणीसाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि त्याची ‘बायरॅक’ ही संस्था यांनी सुमारे १९ कोटी रुपये मंजूर केले. जून २०२१ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्याच खारघरमधल्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला, आणि त्याच वर्षी हैदराबादच्या लॉरस लॅब्स या औषध कंपनीने सुमारे ४६ कोटी रुपये देऊन कंपनीतला एक चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला. अमेरिकेत याच जातीचा पहिला उपचार २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधनातून बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. भारतीय उपचाराची किंमत साधारण त्याच्या दहाव्या भागाइतकी आहे. बहुसंख्य भारतीय कुटुंबांना तीही परवडणारी नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही परदेशी जाण्याचा विचारही न करू शकणाऱ्या अनेकांसाठी एक दार त्यामुळे उघडले.

या कहाणीत विद्यापीठ, रुग्णालय, सरकारी निधी आणि खासगी भांडवल या चौघांची गाठ वेळेवर पडली. ती गाठ घालून देणे, आणि तोवर शोध हातातून निसटणार नाही अशी व्यवस्था करणे, हे विद्यापीठातले शोध उद्योगांपर्यंत नेणाऱ्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षांचे आणि नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरांचे काम असते. माझ्या मते या कामात पैशाहूनही मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. कोणते पाऊल कोणत्या पावलाच्या आधी टाकायचे, हे चुकले की पुढे कितीही निधी मिळाला तरी ती चूक भरून निघत नाही.

हा क्रम समजण्यासाठी मोठ्या संस्थेतून एका साध्या महाविद्यालयात येऊ. समजा, नाशिक जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेला आणि त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला कांद्याच्या वाफ्यातल्या मातीत असा एक जिवाणू सापडला, जो जांभळ्या करप्याची बुरशी वाढू देत नाही. काचेच्या बशीत एका बाजूला बुरशी आणि दुसऱ्या बाजूला जिवाणूची रेघ. आठवड्याने पाहावे तर बुरशी त्या रेघेच्या अलीकडेच थांबलेली, मध्ये मोकळा स्वच्छ पट्टा. हे पाहिल्यावर दोघींच्या मनात पहिल्यांदा काय येईल? परिषदेत भित्तिपत्रक लावावे, शोधनिबंध पाठवावा. विद्यापीठात बढती, मूल्यांकन आणि मान हे सारे निबंधांवर ठरते, त्यामुळे यात त्यांचा दोष काहीच नाही.

परंतु पेटंटचा पाया नावीन्य हा आहे. जी गोष्ट अर्ज करण्याआधीच जगापुढे आली, ती नवी राहत नाही, मग ती खुद्द संशोधकानेच सांगितलेली का असेना. परिषदेच्या स्मरणिकेत छापलेला दहा ओळींचा सारांश यासाठी पुरेसा ठरू शकतो. प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहावर चढवला गेला की तोही सर्वांसाठी खुला होतो, आणि ही गोष्ट अनेक मार्गदर्शकांच्या लक्षातच येत नाही. भारतीय कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या काही प्रसंगांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे; अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्ष मिळते, तर युरोपात अशी मोकळीक जवळजवळ नाहीच. म्हणून आधी तात्पुरत्या स्वरूपाचा पेटंट अर्ज करावा आणि मगच बोलावे, लिहावे. तात्पुरत्या अर्जाने तारीख राखली जाते, संपूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात, आणि या काळात निबंध बिनधास्त पाठवता येतो. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना सरकारी शुल्कात ८० टक्के सवलतही मिळते. पेटंट आणि प्रकाशन यांत निवड करावी लागते, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. दोन्ही करता येतात, फक्त कोणते आधी हे पाळावे लागते. प्रबंधाच्या बाबतीतही परीक्षकांकडून गोपनीयतेचे पत्र घेता येते आणि विद्यापीठाकडे ठरावीक काळासाठी प्रबंध खुला न करण्याची विनंती करता येते.

नावीन्याची ही अट आपल्याला मराठी वाचक म्हणून एका वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा एक निबंध पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घरोघरी माहीत असणे पुरेसे नव्हते. छापील पुरावा होता म्हणून निकाल लागला. जो नियम तिथे आपल्या बाजूने उभा राहिला, तोच नियम आपल्या प्राध्यापिकेच्या भित्तिपत्रकालाही लागू होतो.

पुढचा प्रश्न असा, की पेटंट नेमके कशावर मागायचे? निसर्गात आहे तसा सापडलेला जिवाणू भारतीय पेटंट कायद्यानुसार ‘शोधून काढलेली वस्तू’ ठरतो, ‘नवनिर्मिती’ ठरत नाही. वनस्पती, प्राणी आणि त्यांचे भागही पेटंटच्या कक्षेबाहेर आहेत. माणसावर उपचार करण्याची पद्धत पेटंट होत नाही, पण त्या उपचारासाठी लागणारे नवे साधन किंवा नवा पदार्थ होऊ शकतो. म्हणजे आपल्या उदाहरणात हक्क मागायचा तो त्या जिवाणूपासून तयार केलेल्या मिश्रणावर, ते बनवण्याच्या प्रक्रियेवर, ते टिकवण्यासाठी वापरलेल्या वाहक पदार्थावर. ही मांडणी कशी करावी हे सांगायला अनुभवी पेटंट एजंट लागतो, आणि लहान महाविद्यालयाला पहिली मदत बहुधा हीच हवी असते. जिवाणूचे शब्दांत पूर्ण वर्णन करता येत नाही, म्हणून त्याचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. बुडापेस्ट करारानुसार अशी आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला एक संग्रह पुण्यातच आहे, हे इथल्या संशोधकांचे भाग्य म्हणायचे. शिवाय नमुना भारतीय मातीतला असल्यामुळे तो कुठून घेतला हे अर्जात नमूद करावे लागते आणि जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तता पेटंट मंजूर होण्यापूर्वी करावी लागते. ही पूर्तता राहून गेली म्हणून अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू शकतो; तेव्हा मातीची पिशवी भरतानाच गाव, गट क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवणे हे साधे काम पुढे फार उपयोगी पडते.

आता मालकी. पगार विद्यापीठाचा, प्रयोगशाळा विद्यापीठाची, अनुदान सरकारी. अशा वेळी शोधाची मालकी साधारणपणे संस्थेकडे जाते आणि संशोधकांची नावे शोधकर्ते म्हणून राहतात. शोधकर्ता कोण आणि अर्जदार कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत मोठमोठ्या प्रकल्पांतही होते. करोनाच्या कोव्हॅक्सिन लसीच्या पेटंट अर्जात सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे नाव नव्हते. ती नजरचूक असल्याचे सांगून भारत बायोटेकने २०२४ मध्ये परिषदेला सहमालक म्हणून समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू केली. या लसीच्या विक्रीवर परिषदेला रॉयल्टी देण्याचे आधीच ठरले होते. एवढ्या प्रसिद्ध प्रकल्पात जे घडू शकते, ते आपल्या महाविद्यालयात घडू नये म्हणून कोणाचे योगदान काय आणि कोणत्या तारखेला, हे प्रयोगवहीत सही-तारखेसह असावे.

अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. स्टॅनफर्डने डीएनए जोडण्याच्या कोहेन-बोयर तंत्राचा परवाना माफक दरात चारशेहून अधिक कंपन्यांना दिला आणि त्यातून २५ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. भारतात तशाच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये संसदेत आले, पण ते पुढे मागे घेण्यात आले. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक संस्थेचे धोरण वेगळे असते, आणि ज्या संस्थेकडे लिखित धोरण नाही तिथे सगळे संबंधितांच्या मर्जीवर राहते. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणाने शैक्षणिक संस्थांना एक चौकट दिली आहे. तिच्यानुसार प्राध्यापक व विद्यार्थी कंपनी काढू शकतात, आणि केलेल्या मदतीच्या बदल्यात संस्था त्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते.

परवाना कोणाला आणि कसा द्यायचा, हा निर्णय तंत्रज्ञानाच्या स्वभावावर अवलंबून असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने करोनाच्या प्रतिपिंड तपासणीचा संच तयार केला, तेव्हा देशाला तो झटपट आणि मोठ्या संख्येने हवा होता. एकापेक्षा अधिक कंपन्यांना परवाना देणे त्या वेळी योग्य होते. याउलट नव्या औषधाच्या चाचण्यांत जी कंपनी पुढची कित्येक वर्षे पैसा ओतणार, तिला काही काळ एकाधिकार मिळाल्याशिवाय ती पुढे येत नाही. अशा एकाधिकारी परवान्यात ठरावीक मुदतीत ठरावीक टप्पे गाठण्याची अट घालणे अत्यंत महत्त्वाचे असते. ती नसेल तर कंपनी परवाना घेऊन कपाटात ठेवू शकते आणि विद्यापीठाला काहीच करता येत नाही.

कागद झाले, आता खरी परीक्षा. काचेच्या बशीत दिसलेला तो मोकळा पट्टा शेतात दिसेलच असे नाही, आणि दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये वाढलेला जिवाणू हजार लिटरच्या फर्मेंटरमध्ये तसाच वाढेल असेही नाही. याचे कारण साध्या भूमितीत आहे. टाकी उंची-रुंदीला दहा पट केली की तिचे आकारमान हजार पट होते, पण बाहेरचा पृष्ठभाग शंभर पटच वाढतो. वाढणारे जिवाणू उष्णता निर्माण करतात. ती बाहेर जायला आता तुलनेने कमी जागा उरते. तळाशी सोडलेली हवा सगळीकडे सारखी पोहोचत नाही, काही भागांत जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरतात, ढवळण्याने फेस चढतो आणि फेसाबरोबर संसर्ग शिरण्याची वाट तयार होते. म्हणून विद्यापीठातल्या पथकाला शंभर लिटरपर्यंतची प्रायोगिक यंत्रणा भाड्याने वापरायला मिळणे हे रोख अनुदानाइतकेच मोलाचे असते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हेंचर सेंटर’ने हेच ओळखले: नव्या कंपनीला महागडी उपकरणे, पेटंट सल्ला आणि बसायला जागा एकाच छताखाली द्यायची, म्हणजे तिचे पहिले काही लाख रुपये यंत्रखरेदीत अडकत नाहीत.

त्याहून अवघड परीक्षा दुकानात आणि बांधावर असते. आपल्या जिवाणूचे मिश्रण कृषी सेवा केंद्राच्या फळीवर एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली पडून राहणार. तो बॅसिलस कुळातला असेल तर बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी सुप्त रूपे, बनवून उन्हाळा काढेल. स्यूडोमोनास असेल तर काही आठवड्यांतच पुडीतल्या जिवंत पेशींची संख्या कोसळण्याची भीती असते, आणि वेष्टनावर लिहिलेला आकडा खोटा ठरतो. मग शेतकरी काय करतो? करप्यासाठी तो आधीपासून मॅन्कोझेब फवारत असतो, आणि मजुरी वाचावी म्हणून नवी पुडीही त्याच पंपात ओततो. आपला जिवाणू त्या बुरशीनाशकासोबत जगतो का, ताम्रयुक्त औषधांसोबत जगतो का, विहिरीच्या खारट पाण्यात जगतो का, चिकटपणासाठी घातलेल्या द्रावणाचे काय? प्रयोगशाळेत यांतला एकही प्रश्न कोणी विचारलेला नसतो, कारण निबंधाच्या परीक्षकाने तो विचारला नव्हता. पाच-सहा गावांत फिरून पन्नास शेतकऱ्यांशी आणि दहा दुकानदारांशी बोलण्याचे काम म्हणूनच कंपनी काढण्याच्या कितीतरी आधी करायचे असते. त्या फेरीत शेतकऱ्यांचा खरा प्रश्न करपा नसून साठवणुकीतली सड आहे, असे कळले तर संशोधनाची दिशा बदलणे अजून शक्य असते. इन्क्युबेटर संशोधकाला ज्या फेऱ्या मारायला लावतात, त्यांचा पुष्कळांना कंटाळा येतो. मला मात्र त्याहून उपयोगी शिक्षण दुसरे दिसलेले नाही.

पैशाचे गणितही टप्प्याटप्प्यानेच समजते. मूलभूत संशोधनाला अनुदान मिळते आणि विक्री सुरू झालेल्या कंपनीला बँक व गुंतवणूकदार मिळतात. मधला कोरडा टप्पा कोणाचाच नसतो. संशोधन संस्था म्हणते, यात नवे विज्ञान नाही. गुंतवणूकदार म्हणतो, यात अजून उत्पादन नाही. भारतात २०१२ मध्ये स्थापन झालेल्या बायरॅकने या टप्प्यासाठी ‘बिग’ हे अनुदान सुरू केले, ज्यात कल्पना प्रत्यक्षात चालते हे दाखवण्यासाठी १८ महिन्यांत ५० लाख रुपयांपर्यंत मिळतात. हे कर्ज नाही आणि त्या बदल्यात कंपनीचा हिस्साही द्यावा लागत नाही, म्हणून सुरुवातीच्या काळात त्याचे महत्त्व फार आहे. मोबाईल अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीला दीड वर्षात ग्राहक मिळू शकतात. जैवविज्ञानातल्या कंपनीला तेवढ्या वेळात प्राण्यांवरची एखादी सुरक्षा चाचणी पूर्ण झाली तरी पुष्कळ. हे न सांगता गुंतवणूकदाराला ‘दोन वर्षांत विक्री’ असे लिहून देणे म्हणजे स्वतःच स्वतःला अडचणीत टाकणे होय.

नियामकांविषयी संशोधकांच्या मनात भीती असते, आणि ती माहितीच्या अभावातून येते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत उपकरणांचे धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्य पातळीवर आणि उरलेल्या दोन वर्गांचा केंद्राकडून मिळतो. कापसाचा बोळा आणि हृदयातली झडप यांना एकच कसोटी नाही. जैविक कीडनाशकाला फरिदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडे परिणामकारकता, विषारीपणा, वेष्टन आणि साठवणकाल यांची माहिती द्यावी लागते. नियामक पुढे काय मागणार हे पहिल्या वर्षीच कळले, तर प्रयोग त्या पद्धतीने आखता येतात. नाही तर तीन वर्षे जमवलेली आकडेवारी नियामकाला चालत नाही आणि तेच प्रयोग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नव्याने करावे लागतात.

वेळ किती लागू शकतो, याचे भारतातले उत्तम उदाहरण रोटाव्हायरसच्या लसीचे आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८५-८६ च्या सुमारास नवजात बाळांमध्ये या विषाणूचा असा एक वाण आढळला, की ज्याची लागण झालेली बाळे आजारी पडली नाहीत. डॉ. एम. के. भान यांनी त्या वाणाचा पाठपुरावा केला, भारत बायोटेक उत्पादक म्हणून आली, आणि अंतिम चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू या तीन ठिकाणची ६,७९९ बाळे सहभागी झाली. २०१५ मध्ये ‘रोटाव्हॅक’ जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय लसीकरणात आली. एका डोसची किंमत एक डॉलर ठेवण्याचे वचन कंपनीने आधीच दिले होते. वाण सापडल्यापासून लस बाळाच्या तोंडात पडेपर्यंत तीस वर्षे लागली, आणि त्या काळात वढूच्या आसपासच्या गावांत घरोघर फिरून बाळांच्या जुलाबाची नोंद ठेवणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांवाचून त्यातला एकही आकडा हाती आला नसता. किंमत आधीच ठरवण्याची ही पद्धत सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक करारात यावी, असे मला मनापासून वाटते.

शेवटी माणसे. प्राध्यापिकेने नोकरी सोडून कंपनी चालवलीच पाहिजे असे नाही. बहुतेक वेळा तसे करूही नये. त्यांनी वैज्ञानिक सल्लागार राहावे, आणि रोजचा कारभार विक्री, उत्पादन आणि माणसे सांभाळण्याचा अनुभव असलेल्या कोणाकडे तरी द्यावा, हे अधिक चांगले. मात्र या सगळ्या चर्चांत जी व्यक्ती हमखास मागे पडते ती म्हणजे ती विद्यार्थिनी. जिवाणू कोणत्या माध्यमात रुसतो, किती वेळा वाढवल्यावर त्याची ताकद कमी होते, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या कोणत्या खोक्यात ग्लिसरॉलमधले मूळ नमुने आहेत, हे तिच्या हाताला ठाऊक असते आणि निबंधात त्यातले काहीच छापले जात नाही. पदवी मिळाली की ती बंगळूरला किंवा जर्मनीला निघून जाते, आणि सहा महिन्यांनी परवाना घेतलेल्या कंपनीचा फोन येतो, की तुमची प्रक्रिया आमच्याकडे जमत नाही. म्हणून तिचे नाव शोधकर्त्यांत असावे, कंपनी निघणार असेल तर तिचा हिस्सा आणि पगार तोंडी न ठेवता कागदावर ठरावा, आणि ती जाण्यापूर्वी दोन महिने तिच्या शेजारी दुसरे कोणीतरी उभे राहून प्रत्येक कृती, ती करताना तिला कोणता वास येतो आणि द्रावण किती गढूळ दिसल्यावर ती थांबते, इथपर्यंत लिहून घ्यावी.